मीठ आणि पीठ : आपल्या न्याहारीतील एका पदार्थाची नावे



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून उपम्यावर व्याख्यान द्यायचे म्हटल्यावर काहींना हसू आले असेल. साहित्याच्या माणसाला ‘उपमा’ म्हटले की आधी अलंकार आठवावा आणि मग कालिदास. पण सकाळी सात वाजता आदिलाबादच्या बसस्थानकासमोर ‘एक उप्मा’ अशी हाळी ऐकणाऱ्याला अलंकार आठवत नाही, भूक आठवते. मी त्या दुसऱ्या उपम्याबद्दल बोलणार आहे.

विषय लहान आहे, त्यावरून आपल्या घरांत होणारे वाद मात्र लहान नाहीत. पुण्या-सोलापूरकडचे पाहुणे येतात. आपली सूनबाई ताटली पुढे करून म्हणते, ‘उप्मा घ्या.’ पाहुण्यांतली एखादी मावशी किंवा आत्या हसून सुधारते, ‘अगं, उप्पीट म्हणावं. उप्मा काय? तुमची मराठी पार तेलुगूच झाली.’ आपण ओशाळून हसतो आणि पुढच्या वेळी मुलांना दटावतो. तीन-चार पिढ्या हे चालले आहे. उप्पीट शुद्ध, उप्मा बाटलेला, असा निवाडा आपण विनातक्रार मान्य करून टाकला आहे. तो निवाडा कागदपत्र तपासून झालेला नाही, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

पदार्थाच्या नावाआधी ज्या वेळेला तो खातात त्या वेळेचे नाव पाहू. आपले आजोबा न्याहारी म्हणत. हा शब्द फारसी-उर्दू वाटेने मराठीत आला. हैदराबादेत पहाटे पाव-कुलच्यासोबत खातात ती ‘नहारी’ त्याच घराण्यातली. ‘नाश्ता’ही फारसी, आणि मूळ अर्थ ‘उपाशी’. जो अजून काही खाल्लेला नाही तो नाश्ता, आणि त्याने खायचे तेही पुढे नाश्ता झाले. ‘टिफिन’ हा इंग्रज अमदानीतला शब्द. मुंबईत त्याचा अर्थ दुपारचा डबा; आपल्याकडे आणि सगळ्या दक्षिणेत सकाळचे खाणे. म्हणजे ताटली पुढे येण्याआधीच आपण तीन दरबारांतून फिरून आलेलो असतो, आणि त्याबद्दल कोणी कोणाला दटावत नाही.

आता पदार्थ. कन्नडमध्ये ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ. दोन्ही मिळून उप्पिट्टु. तमिळमध्ये ‘उप्पु’ आणि ‘मावु’, मावु म्हणजे पीठ, त्याचे उप्पुमा. तेलुगूत ‘उप्पु’ आणि ‘पिंडी’. त्याचे उप्पुपिंडी किंवा उप्पुडुपिंडी. ही आपल्या शेजारच्या घरांत अजून तांदळाच्या कण्यांची, मुगाची डाळ घालून होते. तीन भाषांत तीन नावे, पण तिन्हींचा अर्थ एकच : मीठपीठ. गोड नव्हे ते, खारे ते. स्वयंपाकघरात पिठाचे पहिले पक्वान्न गोड असते. त्याच्यापासून वेगळे सांगायचे तर मिठाचा उल्लेख पुरे.

यातला कन्नड शब्द आपल्या कामाचा आहे. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. दुधाला तेलुगू ‘पालु’ म्हणते, कन्नड ‘हालु’. त्याच नियमाने जुन्या ‘पिट्टु’चे ‘हिट्टु’ झाले, आणि ‘उप्पु’ला जोडताना तो ‘ह’ही गळाला. उप्पिट्टु मराठीत येताना शेवटचा उकार गेला आणि उरले ‘उप्पीट’. मराठी कानाने त्यात आपले ‘पीठ’ ऐकले आणि शब्द आपलाच वाटला. मराठी ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’वरून आले आहे, ‘उप्पीट’मधले ‘पीट’ कन्नडच्या दारातून आले. दोघे दिसायला सारखे, म्हणून एकाच घरचे समजले गेले.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेकडो वर्षे एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. तिकडून उप्पीट पुण्याला पोहोचले आणि पुण्याला पोहोचले म्हणून प्रमाण झाले. आपण कन्नडपासून दूर, तेलुगूच्या शेजारी. म्हणून आपल्याकडे उप्मा आला. सुधारणाऱ्या आत्याबाईंचा शब्द जितका मराठी तितकाच आपलाही. त्या कन्नड शब्द बोलतात, आपण तमिळ घडणीचा, तेलुगूतून आलेला शब्द बोलतो. मीठ दोघींच्या तोंडी दक्षिणेचेच.

‘उपमा’ हे लेखन मात्र मराठीने स्वतः केलेली गंमत आहे. उप्पुमातला जोड ‘प’ सैल झाला, मधला उकार गेला आणि ‘उप्मा’ उरले. मराठी पाटी रंगवणाऱ्याला ‘उप्मा’ अशुद्ध वाटले असणार. त्याने संस्कृत शब्दाचा सदरा त्याच्या अंगावर चढवला. अनोळखी आवाजाला ओळखीचा चेहरा द्यायची ही मराठीची जुनी खोड आहे. याचे दुसरे उदाहरण आपल्या मुधोळ-भैंसा भागातल्या मंडळींना चांगले ठाऊक असेल. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्यांची फोडणी दिली की मराठवाड्यात त्याला ‘सुशीला’ म्हणतात. लातूर-सोलापूरकडे विचारा, कोणी हसणार नाही. उत्तर कर्नाटकात याच पदार्थाला ‘सूसला’ म्हणतात, दावणगेरे भागात ‘मंडक्की ओग्गरणे’, बळ्ळारी आणि रायलसीमेत ‘उग्गाणी’. सूसल्याची सुशीला व्हायला मराठीला फार कष्ट पडले नाहीत. एक चांगल्या घरातली मुलगी आपण मुरमुऱ्यात मिळवली.

कोंकणी लोकांनी मात्र मीठपिठाचा रस्ता धरला नाही. त्यांच्या घरात रव्याच्या तिखट पदार्थाला ‘रुळांव’ म्हणतात. उडुपी-मंगळूरकडे पोह्यांबरोबर वाढतात तो ‘सज्जिगे’. ‘सज्जिगे’ उच्चारून पाहा आणि मग आपला ‘सांजा’ उच्चारा. दोन्ही गव्हाच्या रव्याचेच शब्द आहेत.

सांजा या शब्दाशी मी जरा थांबणार आहे, कारण या सगळ्यात मराठी घराने सर्वांत जास्त दिवस सांभाळलेले नाव तेच. पण सांजा मुळात तिखट म्हणून ओळखला जात नव्हता. सणाला सांज्याची पोळी होते, सांजोऱ्या होतात, त्यातला सांजा गुळाचा किंवा साखरेचा. म्हणून कोकणात आणि देशावर तिखट केला तर ‘तिखट सांजा’ किंवा ‘तिखटामिठाचा सांजा’ असे लांब सांगावे लागे. दक्षिणेने पिठाला मीठ लावून नाव पाडले. आपण गोड पदार्थाच्या नावाला तिखटाचे विशेषण लावून काम भागवले. विदर्भातल्या काही घरांतला ‘तिखट शिरा’ याच युक्तीचा.

मराठीची स्वतःची खारी पिठे नव्हती असे नाही. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड आहे. थालीपिठाच्या भाजणीची मोकळ भाजणी आहे. वऱ्हाडात कणकेची किंवा ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या माहेरवाशिणींनी ती आदिलाबादेत आणली आणि तिच्यातली ‘पेंडी’ ऐकून तेलुगू शेजारणींना ‘पिंडी’ आठवली. या नावांकडे नीट पाहिले तर एक फरक दिसतो. उकड, मोकळ, उकडपेंडी ही नावे क्रियेवरून किंवा रूपावरून पडली : उकडून घेतले ते, मोकळे झाले ते. मीठ घातले हे सांगायची मराठी स्वयंपाकिणीला गरज वाटली नाही. ते तिने गृहीत धरले. दक्षिणेच्या स्वयंपाकिणीने मात्र नावातच मीठ घातले. दोन्हींत चूक कोणी नाही, पण दोन स्वयंपाकघरांची विचार करायची रीत वेगळी आहे हे कळते.

आता ही सगळी नावे ज्या पदार्थाची, तो आपल्या जिल्ह्यात मुळात होता का? रव्याचा उपमा म्हणून नव्हता, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण धान्यात आहे. आदिलाबाद ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख. सकाळी शिळी भाकरी, तिच्यावर तेल-चटणी किंवा ताक. नाहीतर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या. मराठी घरांत कण्या, तेलुगू घरांत ‘गटका’, गोंड पाड्यावर पातळ करून ‘जावा’. एकाच ज्वारीची ही तीन नावे. अंबाडीची भाजी तिन्ही घरांत. आंबील आणि ‘अंबली’ यांत तर अनुवाद करायचीही गरज नव्हती.

गव्हाचा रवा हा त्या काळी सणाचा माल होता. गहू ओलवायचा, सुकवायचा, जात्यावर भरडायचा, मग चाळून सपीट वेगळे, रवा वेगळा, कोंडा वेगळा. एका शिऱ्यासाठी एवढे दळण. असा रवा रोज सकाळी कांदा-मिरचीत घालून मीठ टाकून खाण्याची चैन कोण करणार? रवा रोजचा झाला तो रोलर गिरण्यांमुळे. त्या गिरण्यांत गव्हाचा दाणा पायरीपायरीने फुटतो. मैद्याचा भुगा होण्याआधी मधल्या टप्प्यावर रवा हाती लागतो. पोती भरून रवा बाजारात येऊ लागला आणि सणाचा माल नाश्त्याच्या कढईत उतरला.

या गिरणीच्या रव्याला तेलुगूत काय म्हणतात हे आपल्यापैकी प्रत्येकाने किराणा दुकानात ऐकलेले आहे : ‘बोंबाई रव्वा’. जाडसर गव्हाच्या दलियाला ‘गोधुमा रव्वा’, तांदळाच्या कण्यांना ‘इडली रव्वा’ आणि पांढऱ्या बारीक रव्याला ‘बोंबाई रव्वा’. आपण पदार्थाचे नाव दक्षिणेकडून घेतले म्हणून आपल्याला हिणवले जाते. दक्षिणेने त्याच कढईतल्या धान्याचे नाव मुंबईकडून घेतले, हे कोणी सांगत नाही. शिवाय रवा, रव्वा, रवे, रवै हा शब्द मराठी, तेलुगू, कन्नड आणि तमिळ अशा चारही घरांत एकसारखा वावरतो. उपम्याच्या एका ताटलीत मुंबईचा रवा, दक्षिणेचे मीठ आणि पोर्तुगीजांनी आणलेली मिरची असते. तिला शुद्ध-अशुद्धाची फूटपट्टी लावायची तर कोणत्या टोकाने लावायची?

हा पदार्थ रस्त्यावरच्या हॉटेलात कसा पोहोचला तो इतिहास आपल्या जिल्ह्याबाहेर सुरू होतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात उडुपीकडची माणसे खाणावळी आणि उपाहारगृहे घेऊन शहरोशहरी गेली. बेंगळुरूचे मावळ्ळी टिफिन रूम १९२४चे. मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांची खाणावळ १९४२ची. १९४२ मध्येच जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. पुढची काही वर्षे टंचाईची आणि रेशनची. तांदळाची इडली परवडेना तेव्हा मावळ्ळीच्या उपाहारगृहाने रव्याची इडली काढली, असे तेच सांगतात. टंचाईच्या काळात तांदळाची जागा रव्याने घेतली आणि कांदा-मिरचीचा रवा, जो दहा मिनिटांत तयार होतो आणि दोन तास मऊ राहतो, हॉटेलवाल्याच्या फार सोयीचा ठरला. पीठ आंबवायला नको, वाटायला नको. एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी, झाले.

निजामी अमलातल्या आपल्या गावांत तेव्हा हॉटेल म्हणजे चहा, बिस्किट, फार तर भजी. आदिलाबाद कापसाची बाजारपेठ आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ठाणे. उत्तरेकडून ट्रकवाल्यांबरोबर नागपुरी तर्री-पोहे आले, दक्षिणेकडून इडली, वडा आणि उप्मा आला. दोन्ही एकाच काउंटरवर बसले, आजही बसतात. १९५६ नंतर राजधानीत आंध्र किनाऱ्याकडच्या मंडळींची उपाहारगृहे वाढली आणि पेसरट्टूच्या पोटात उप्मा भरून देण्याची तऱ्हा हैदराबादेत रुजली. आमदार निवासातल्या मंडळींना ती आवडली म्हणून तिला ‘एमेल्ये पेसरट्टू’ म्हणतात, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, उपम्याला विधानसभेपर्यंत नेणारी दुसरी कथा मला माहीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्यासाठी अधिक जवळची आहे, कारण त्या दिवशी पदार्थ जागेवर राहिला आणि सीमा हलली. हैदराबाद संस्थान असताना किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार रचनेत ते तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले; किनवट नांदेडला जोडले गेले, राजुरा आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला. बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग किनवटकडे गेला. उलट मुधोळ तालुका, त्यात भैंसा आणि बासर, नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत आला. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार झाले तेव्हा तोच मुधोळ निर्मलमध्ये गेला.

याचा अर्थ घराघरांत असा झाला. किनवटला दिलेली बहीण आणि आदिलाबादला राहिलेला भाऊ, मुदखेडच्या रेल्वेने दोन-तीन तासांचे अंतर. बहिणीची मुले मराठी शाळेत बालभारतीची पुस्तके वाचत वाढली. भावाच्या मुलांपुढे दोन रस्ते होते, मराठी माध्यम किंवा तेलुगू, आणि नोकरीचा विचार करणाऱ्या बापाने बहुधा दुसरा निवडला. बहिणीच्या घरी त्या पदार्थाला नांदेडच्या रीतीने उप्पीट, भावाच्या घरी उप्मा. मुधोळकडून आलेली भावजय सुशीला करते आणि तिच्या सासूला ते नाव ऐकून अजून हसू येते. दिवाळीत ही तिन्ही घरे एकत्र आली की शब्दांवरून थट्टा होते. ती थट्टा भाषेची म्हणून चालते, पण तिची मुळे राज्य पुनर्रचनेच्या नकाशात आहेत.

‘उप्मा’ हे नाव आपल्या मुलांच्या तोंडी पक्के बसवण्यात हॉटेलपेक्षा शाळेचा हात मोठा असावा, असे मला वाटते. साठच्या दशकात ‘केअर’ या संस्थेमार्फत आलेल्या परदेशी गव्हाच्या जाड रव्याचा उप्मा आंध्र प्रदेशातल्या सरकारी शाळांतून दुपारी मुलांना मिळत असे. त्या पिढीतली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. तो उप्मा पिवळट, कांदा नसलेला, तेलाचा वास येणारा; पण ज्याच्या घरी सकाळी चूल पेटली नव्हती त्याला त्याची चव कशी लागली हे त्यालाच विचारावे. तिथे मराठी, तेलुगू, गोंड, लंबाडी, उर्दू बोलणारी मुले एका ओळीत ताटल्या घेऊन बसत. वाढणारी बाई ज्या नावाने हाक मारी ते नाव सगळ्यांचे झाले. भुकेल्या मुलाने शिकलेला शब्द घरी येऊन आईने कितीही दुरुस्त केला तरी जात नाही. आपल्या त्या पिढीला ‘तुमची मराठी बिघडली’ म्हणणाऱ्याने निदान एवढे जाणून घ्यावे.

उपमा आणि सांजा हे एकच की दोन, हा प्रश्न मला आधीच काही भगिनींनी विचारून ठेवला आहे. जुन्या स्वयंपाकिणी दोन मानतात. सांज्यात हळद, हिंग, मोहरी; रवा जाडसर, तुपावर खमंग भाजलेला; वर ओले खोबरे-कोथिंबीर. उपम्यात हळद नाही. फोडणीत उडदाची आणि हरभऱ्याची डाळ, कढीपत्ता, आले, सवड असेल तर काजू. हा फरक खरा आहे, पण आपल्या जिल्ह्यात तो पुसला गेला आहे. आपल्या उपम्यात डाळीही असतात आणि हळदही, शेंगदाणे तर असतातच. पुण्याच्या हॉटेलात याला काय म्हणतील सांगता येत नाही. माझ्या मते तो दोन्हींपेक्षा सरस लागतो, पण यात मी पक्षपाती आहे.

दुकानात ‘गोधुमा रव्वा’ म्हणून मिळतो त्या जाड दलियाचा तिखट पदार्थ आपल्याकडच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या काही आजी अजून आठवड्यातून एकदा करतात; मधुमेहासाठी डॉक्टरांनी सांगितला म्हणून आता जरा जास्तच. त्या त्याला सांजा म्हणतात. त्यांच्या सुना त्याच कढईतल्या त्याच पदार्थाला ‘गव्हाच्या रव्याचा उप्मा’ म्हणतात, आणि नातवंडे नुसते ‘टिफिन’. आजींना विचारले की तुम्ही गोड सांजा कधी करता, तर उत्तर येते : सणाला, पोळीत घालायला. रोजचा तो तिखटच.